बरी झालेली लेकरं कुठल्या नोंदवहीत आहेत?

प्रति,
जिल्हा शल्यचिकित्सक व जिल्हा आरोग्य अधिकारी, जळगाव, धुळे आणि नंदुरबार,
तसेच तिन्ही जिल्ह्यांतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाता यांस

विषय : लहानपणी कॅन्सरचे उपचार घेऊन बरे झालेल्यांची नोंद, उपचारांचा सारांश आणि पुढच्या तपासण्या यांबाबत.

महोदय, महोदया,

मी शहादा तालुक्यात औषधाचं दुकान चालवतो. लहान मुलाला कॅन्सर झाला की आमच्या भागातले आई-बाप मुंबई गाठतात. मधल्या काळात मूल घरी असतं तेव्हा सिक्स-एमपीच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) गोळ्या, उलटीचं औषध, तोंड आलंय म्हणून माउथवॉश, अशा कारणांनी ते कुटुंब आमच्या काउंटरवर येत राहतं. बाप पिशवीतून जाडजूड फाइल काढतो आणि कुठल्या कागदावर काय लिहिलंय हे मला विचारतो. दोन-तीन वर्षं हे चालतं. मग एक दिवस मूल बरं होतं. केस परत येतात, शाळा सुरू होते आणि ते कुटुंब दुकानात दिसेनासं होतं. ती फार आनंदाची गोष्ट असते. पण त्यानंतर ते मूल कुणालाच दिसत नाही. तुमच्या दवाखान्यांनाही नाही. हे पत्र त्या मुलांबद्दल आहे. त्यातली बरीचशी आता मुलं राहिलेली नाहीत.

लहानपणीचा कॅन्सर बरा करणाऱ्या उपचारांमुळेच, पुढे काही वर्षांनी, काही जणांना दुसराच एखादा कॅन्सर होऊ शकतो. जुना आजार उलटणं वेगळं. हा आजार नवा असतो, निराळ्या अवयवात होतो आणि त्याचं कारण बऱ्याचदा जुन्या किरणोपचारात किंवा केमोत असतं. वैद्यकशास्त्राला हे अनेक दशकांपासून माहीत आहे. अमेरिका आणि कॅनडात १९७० ते १९८६ या काळात उपचार झालेल्या १४ हजारांहून जास्त मुलांचा दीर्घ पाठपुरावा झाला. त्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात की पहिल्या निदानानंतर ३० वर्षांत ७.९ टक्के जणांना दुसरा कॅन्सर झाला, आणि यात त्वचेचे साधे कॅन्सर धरलेले नाहीत. त्याच वयाच्या इतर लोकांशी तुलना केली तर हे प्रमाण सहापट भरतं.

हा आकडा वाचून कुणा आई-बापाच्या पोटात गोळा येऊ नये म्हणून लगेच सांगतो : शंभरातल्या ब्याण्णव जणांना तीस वर्षांत असं काही झालं नाही. आणि आज ज्यांच्या मुलावर उपचार चालू आहेत त्यांनी या भीतीने उपचार अर्धवट सोडू नयेत. शेक (म्हणजे किरणोपचार) नको, केमो नको असं म्हणून मूल घरी आणलं तर पहिलाच कॅन्सर त्याचा जीव घेईल. शिवाय डॉक्टरांनीही या अनुभवातून उपचार बदलले. तोच पाठपुरावा पुढे नंतरच्या मुलांपर्यंत वाढवला, त्यात १९७० च्या दशकातल्या ७७ टक्के मुलांना किरणोपचार दिलेले दिसतात, १९९० च्या दशकात हे प्रमाण ३३ टक्क्यांवर आलं, आणि निदानानंतरच्या पंधरा वर्षांत दुसरा कॅन्सर होण्याचं प्रमाण २.१ टक्क्यांवरून १.३ टक्क्यांपर्यंत उतरलं. म्हणजे मोठ्या केंद्रांनी आपलं काम केलेलं आहे. माझी मागणी जिल्ह्याकडे आहे, कारण मूल बरं झाल्यावर उरलेलं सगळं आयुष्य जिल्ह्यात काढतं.

धोका सगळ्यांना सारखा नसतो, आणि खरी हाती धरण्यासारखी गोष्ट हीच आहे. कुणाला काय दिलं हे कळलं, तर पुढे कुठे लक्ष ठेवायचं हे बऱ्याच अंशी आधीच सांगता येतं. इटोपोसाइडसारख्या औषधामुळे होणारा रक्ताचा कॅन्सर साधारण एक ते तीन वर्षांत डोकं वर काढतो. सायक्लोफॉस्फामाइडच्या गटातल्या औषधांमुळे होणारा पाच ते दहा वर्षांत, आणि त्याआधी बऱ्याचदा रक्तपेशी कमी होत जातात. किरणांमुळे होणाऱ्या गाठी मात्र घाई करत नाहीत. त्या दहा वर्षांनंतर दिसू लागतात आणि वय वाढत जातं तसं प्रमाणही वाढत जातं. डोक्याला शेक मिळालेल्यांमध्ये मेंदूच्या आवरणाची गाठ, मानेला मिळालेल्यांमध्ये थायरॉइड, पोटाला मिळालेल्यांमध्ये मोठ्या आतड्याचा कॅन्सर, आणि शेक जिथून गेले तिथली हाडं आणि कातडी. १९८० आणि ९० च्या दशकांत रक्ताच्या कॅन्सरसाठी आपल्याकडे जो एमसीपी-८४१ प्रोटोकॉल (उपचारांचा ठरलेला आराखडा) वापरला गेला, त्यात मेंदूत आजार पसरू नये म्हणून डोक्याला शेक देत असत. ती मुलं आज चाळिशीच्या आसपास आहेत. त्यांच्यापैकी कुणी महिनोन्‌महिने डोकं दुखतंय म्हणून आमच्याकडे गोळी मागत असेल, तर त्याला काय विचारायला हवं हे आमच्या भागात किती जणांना ठाऊक आहे?

सगळ्यात जास्त काळजी मुलींची. दहा वर्षांच्या, तेरा वर्षांच्या, पंधरा वर्षांच्या मुलीच्या छातीला शेक दिले असतील, तर पन्नाशीपर्यंत अशा दर दहा जणींपैकी साधारण तिघींना स्तनाचा कॅन्सर होतो, असं त्याच मोठ्या अभ्यासातून दिसलं आहे. बीआरसीए-१ या जनुकात दोष असलेल्या बायकांना जेवढा धोका असतो, जवळपास तेवढाच. म्हणून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की छातीला १० ग्रे (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं माप) किंवा त्याहून जास्त किरण मिळालेल्या मुलीची वयाच्या पंचविशीपासून, किंवा शेक दिल्यानंतर आठ वर्षांनी, यातलं जे उशिरा येईल तेव्हापासून, दरवर्षी मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) आणि स्तनांचा एमआरआय करावा. आता आपल्याकडची पद्धत बघा. २०१६ च्या केंद्राच्या सूचनांनुसार आपल्या आरोग्य केंद्रांतली स्तनाची तपासणी वयाच्या तिसाव्या वर्षी सुरू होते, तीही हाताने. आणि मुलांसाठी असलेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी संपतो. अठरा ते तीस या बारा वर्षांत या मुलींकडे पाहायला सरकारी यंत्रणेत कुणीच नाही, आणि पंचविशी नेमकी त्याच बारा वर्षांत येते.

माझ्या भाचीला तेराव्या वर्षी हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर झाला होता. मुंबईतल्या एका रुग्णालयात केमो झाली, मानेला आणि छातीच्या मधल्या भागाला शेक दिले. पोरगी खणखणीत बरी झाली. शिकली, लग्न होऊन सुरतेला गेली, तिला मुलगा झाला. तिशी ओलांडल्यावर छातीत गाठ हाताला लागली. दाखवायला गेली तर वय लहान आहे, नुकतंच दूध सुटलंय, दुधाची गाठ असेल, असं म्हणून गोळ्या देऊन परत पाठवलं. लहानपणी काही मोठा आजार झाला होता का, हे तिला कुणी विचारलं नाही. आणि सासू शेजारी बसलेली असताना तिला आपणहून सांगता आलं नाही. आमच्याकडे लग्न ठरवताना ही गोष्ट झाकून ठेवतात. घरात वडीलधाऱ्यांचं एकच म्हणणं असतं, ‘जे व्हयनं ते व्हयनं, आते कसाले सांगानं?’ त्या बोलण्यात लेकीची काळजीच असते. पण त्यामुळे तिचा भूतकाळ तिच्याबरोबर सासरी जात नाही, आणि फाइल माहेरी पत्र्याच्या पेटीत राहते.

निदान झालं तोवर बरेच महिने गेले होते. त्यानंतर जे घडलं ते तुम्हा डॉक्टर मंडळींना माहीतच असेल, तरी लिहितो, कारण वाचणाऱ्या सगळ्यांना ते माहीत नसतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये डॉक्सोरुबिसिन नेहमी वापरतात. पण हे औषध हृदयाच्या स्नायूला इजा करतं, म्हणून एका माणसाला आयुष्यभरात ते किती द्यायचं याला मर्यादा आहे. लहानपणी तिला तेच औषध दिलं होतं. किती? मिलिग्रॅममध्ये आकडा हवा होता. छातीला आधीच शेक मिळालेले असल्यामुळे पुन्हा तिथेच देणं अवघड, म्हणून फक्त गाठ काढून शेक देण्याचा पर्याय मागे पडला. मग आधीचे शेक नेमके कुठून कुठपर्यंत दिले आणि किती ग्रे दिले? पेटीतली फाइल निघाली. दमटपणाने पानं चिकटलेली, काही शाई पसरलेली. औषधांची नावं होती, किरणांचा एकूण डोस सापडेना. शेवटी मुंबईच्या त्या रुग्णालयाने जुन्या नोंदी शोधून कागद दिला, म्हणून पुढचे निर्णय धडपणे झाले. तिच्या माहेरच्या नावाने नोंद, आता आधार कार्डावर सासरचं नाव, आणि मधे वीसेक वर्षं. आमच्याकडे वाचता येणारा, भांडून कागद मिळवणारा माणूस होता. अक्कलकुव्याच्या, धडगावच्या पाड्यावरच्या बाईकडे कोण असेल? ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबाची फाइल कुठल्या पेटीत सापडणार?

भाची आज उपचार संपवून घरी आहे. बरी आहे.

आपल्या खान्देशात शेताच्या तुकड्याचा सातबारा पिढ्यान्‌पिढ्या मिळतो, मग या मुलांच्या शरीरात काय घातलं याचा एक कागद का मिळू नये? माझी पहिली आणि सगळ्यात मोठी मागणी तीच आहे. लहानपणी कॅन्सरचे उपचार झालेल्या प्रत्येकाकडे एका पानाचा सारांश असावा. कॅन्सरचं नाव आणि तेव्हाचं वय, कुठली औषधं आणि प्रत्येकाचा एकूण डोस, शेक शरीराच्या कुठल्या भागाला आणि किती ग्रे, कुठली शस्त्रक्रिया, आणि खाली दोन-चार ओळींत : कोणत्या वयापासून कोणती तपासणी, दर किती वर्षांनी. मराठीत. युरोपात असा कागद ‘सर्व्हायव्हरशिप पासपोर्ट’ या नावाने देण्याचं काम चालू आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून स्वतंत्र क्लिनिक आहे, म्हणजे आपल्याच राज्यात हे ज्ञान तीस वर्षांहून जास्त काळ आहे. ते चारशे किलोमीटरवरच्या आमच्या गावांपर्यंत पोहोचवणं हे जिल्ह्याचं काम आहे. ज्या मुलाचा सारांश नाही, त्याच्या वतीने जिल्हा रुग्णालयाने उपचार केंद्राला पत्र लिहावं. बापाने चार खेटे घालून जे मिळत नाही, ते सिव्हिल सर्जनच्या सहीच्या पत्राने मिळतं.

ही माणसं शोधायची कशी, असा प्रश्न येईल. सुरुवात तुमच्याच कागदांतून होऊ शकते. आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी योजना जुलै २०१२ मध्ये राज्यातल्या ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली, त्यात धुळे होता. पुढच्या वर्षी जळगाव आणि नंदुरबारसह सगळं राज्य आलं. योजनेखाली केमो आणि किरणोपचार झालेल्या मुलांची नावं, वयं, गावं, उपचारांची पॅकेजेस हे सगळं दाव्यांच्या नोंदींत आहे. २०१२ मध्ये बारा-तेरा वर्षांची असलेली मुलगी आज पंचविशीच्या आसपास आहे. म्हणजे तिच्या तपासणीची वेळ आत्ता आली आहे. त्याआधीची मुलं या नोंदींत सापडणार नाहीत. त्यांच्यासाठी गावोगाव सांगावं लागेल, आणि त्यासाठी आखाजीसारखा, म्हणजे अक्षय्य तृतीयेसारखा, सण दुसरा नाही. लेकी माहेरी आलेल्या असतात, पेट्या उघडायला आई जवळ असते, आणि सासरचं कुणी शेजारी नसतं. आखाजीच्या आठवड्यात तालुक्याच्या रुग्णालयात ‘जुनी फाइल घेऊन या’ एवढंच सांगणारा एक दिवस ठेवा. अहिराणीत सांगा, भिल्ली आणि पावरीत सांगा.

मात्र एक विनंती हात जोडून करतो : ही यादी गुप्त राहिली पाहिजे. आशाताईने दारात उभं राहून मोठ्याने विचारायचं नाही, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर किंवा व्हॉट्सअॅपच्या गटावर नावं टाकायची नाहीत. एका मुलीचं नाव जरी असं फुटलं, तरी नंतर कुणीही नोंद करायला येणार नाही. मुलग्यांच्या बाबतीतही तेच, पण मुलींना त्याची किंमत जास्त मोजावी लागते हे आपण सगळे जाणतो.

तपासणीसाठी तिन्ही जिल्ह्यांत मिळून एक तरी ठिकाण आणि महिन्यातला एक दिवस ठरवा आणि जाहीर करा, जिथे अशा माणसाला मॅमोग्राफी, एमआरआय, थायरॉइडची तपासणी, गरज असेल तर कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) मिळेल. महिन्याला मोजकीच माणसं येतील, हे मला दिसतं. म्हणूनच हे परवडण्यासारखं आहे. फुले योजना आजारी माणसासाठी आखलेली आहे, त्यामुळे धडधाकट दिसणाऱ्या पंचवीस वर्षांच्या मुलीचा एमआरआय तिच्या चौकटीत सहज बसत नाही. यासाठी वेगळी तरतूद करावी असा प्रस्ताव तिन्ही जिल्ह्यांनी एकत्र शासनाला पाठवावा. वर्षाचा एक एमआरआय आणि पसरलेल्या कॅन्सरचे उपचार, यांचा खर्च समोरासमोर मांडला तर वित्त विभागालाही तो पटेल.

माझ्या भागातल्या फॅमिली डॉक्टरांशीही इथेच दोन शब्द बोलतो, कारण माणूस सगळ्यात आधी तुमच्याकडे येतो. केसपेपरवर साखर, रक्तदाब, अॅलर्जी लिहिता, त्याच्याखाली एक ओळ घाला : लहानपणी कॅन्सरचे उपचार झाले होते का? आणि बाईला हे विचारताना बरोबरच्या माणसांना पाच मिनिटं बाहेर बसवा. उत्तर ‘हो’ आलं, तर वयाकडे बघून गाठ सोडून देऊ नका. बगलेतल्या, मानेतल्या गाठीला, महिनाभर न भरणाऱ्या जखमेला, कारण नसताना पांढुरक्या पडणाऱ्या चेहऱ्याला तिथे वेगळा अर्थ असू शकतो. दोन्ही डोळ्यांत रेटिनोब्लास्टोमा (डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर) झालेल्या मुलांबद्दल तर आणखी जपायला हवं. त्यांच्यात आरबी-१ जनुकाचा दोष जन्मापासून प्रत्येक पेशीत असतो, त्यामुळे शेक मिळाले नसले तरी पुढे हाडाच्या कॅन्सरचा धोका असतो, आणि शेक मिळाले असतील तर तो वाढतो. अशा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा गुडघा दुखायला लागला की आमच्याकडे तो चोळून घ्यायला नेतात. त्याला चोळायला नका पाठवू, एक्स-रे काढा. आणि त्याला पुढे मूल झालं, तर त्या बाळाचे डोळे जन्मल्याबरोबर नेत्रतज्ज्ञाने बघायला हवेत हेही सांगा.

तंबाखूबद्दल वेगळं लिहायला हवं. छातीला शेक मिळालेल्या माणसाने बिडी-सिगारेट ओढली तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसत्या बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो. आमच्या काउंटरसमोरच्या टपरीवर मी अशी पोरं पाहतो, बिडी ओढत उभी. त्यांना कुणी कधी हे सांगितलेलं नाही. बरं झाल्यावर ‘आता तू इतरांसारखाच’ एवढंच सांगून घरी पाठवलं. ते सांगणंही गरजेचं होतं, पण सोबत हेही सांगायला हवं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठरवलं की २०३० पर्यंत जगभरात कॅन्सर झालेल्या मुलांपैकी किमान ६० टक्के वाचली पाहिजेत. आपल्याकडेही दरवर्षी जास्त मुलं वाचतायत. म्हणजे या पत्रात ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांची संख्या वाढतच जाणार आहे.

तालुक्यातल्या औषध विक्रेत्यांशी मी बोलतो आहे. मुंबईहून आलेल्या फाइलवरची औषधं घ्यायला जे आई-बाप येतात, त्यांना तो एका पानाचा सारांश मागून घ्यायला सांगायचं, आणि त्याची झेरॉक्स काढून मूळ कागद प्लास्टिकच्या आवरणात ठेवायला सांगायचं, एवढं काम आम्ही दुकानात बसून करू शकतो. सारांशाचा नमुना तुमच्याकडून मंजूर होऊन आला तर तो छापून ठेवण्याचा खर्च आम्ही उचलू. जिल्ह्यात या कामासाठी एक अधिकारी नेमा आणि त्यांचं पद व बसण्याची जागा जाहीर करा, म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या माणसाला कुठे पाठवायचं हे आम्हाला कळेल.

आपला,
एक औषध विक्रेता,
शहादा तालुका, जि. नंदुरबार